एका ओळीऐवजी नऊ ओळी

आसनगावचे एक फर्स्ट क्लासने जाणारे साहेब होते. त्यांनी आपल्या ईमेलचा पासवर्ड म्हणून रेल्वेच्या पासाचा नंबर ठेवला होता. तिमाही पास संपला की नवा पास आणि नवा नंबर. त्यामुळे दर तीन महिन्यांनी एका रविवारी ते शहापूरला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "भेरे सर, नंबर बदला!" मग खिशातून पास काढून तो नंबर वर्गातल्या सगळ्या मुलांना ऐकू जाईल असा खणखणीत वाचायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, पासवर्ड गुपित असतो." ते म्हणाले, "इथं सगळी आपलीच माणसं हायत."

मुरबाडकडच्या एका सरपंचांनी पासवर्ड मोठ्या टाइपात छापून, लॅमिनेशन करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला होता. कोणी चोरेल की, असं म्हटल्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "चोरणाऱ्याला आदी आमचा कॉम्प्युटर चालू करता यायला पायजे." ते खरंच होतं, कारण तो कॉम्प्युटर चालू करायला महिन्यातून दोनदा मलाच जावं लागे. एक तरुण मुलगा होता, त्याचा पासवर्ड एका मुलीचं नाव होतं. तिचं लग्न वासिंदला झालं त्याच आठवड्यात तो पासवर्ड बदलायला आला. मी बदलून दिला, कारण विचारलं नाही. शहापुरात अशी कारणं विचारावी लागत नाहीत.

असे किस्से माझ्यापाशी ढिगाने आहेत, आणि दिवाळी अंकाला खरं तर तेच शोभतात. चार माणसांत मी तेच सांगत आलो. पण ते सांगताना पाच-सहा वाक्यांनंतर माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण पासवर्ड या विषयात माझ्या हातून एकदा जे झालं ते मी असं चार माणसांत कधीच सांगितलेलं नाही. चूक झाली एवढंच असतं तर सांगितलं असतं. चुका कोणाच्या होत नाहीत? चुकीनंतर मी जे केलं त्याची लाज वाटते. ज्या बाईंना ते भोगावं लागलं त्यांचं नाव इथे बदललं आहे. माझं बदललेलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा क्लास होता. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि लोडशेडिंगच्या वेळी सहापैकी दोनच चालू ठेवायचे हा नियम. त्या काळी तालुक्यात वेबसाइट बनवून देणारा मी एकटाच, निदान मी तरी तसंच सांगत असे. कल्याणहून पीएचपीचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पीएचपी ही वेबसाइटच्या पोटात काम करणारी भाषा. तुम्ही पडद्यावर नाव-पासवर्ड टाकता, बटण दाबता. ते बरोबर आहे की चूक हे ठरवून तुम्हाला आत घ्यायचं की दारात उभं करायचं हे काम ती करते. पुस्तकाचा मी निम्मा भाग वाचला होता. उरलेला निम्मा वाचलेला आहे अशा थाटात मी वावरत असे.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शाळा असलेली एक शिक्षणसंस्था होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये संस्थेत शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या, आणि त्या महिन्यात संस्थेचे चिटणीस तात्या यांच्या ओटीवर चिठ्ठ्या, वशिले आणि हापूसच्या पेट्या यांची रीघ लागायची. तात्या स्वतः शेतकरी माणूस, खाल्ल्या आंब्याला जागावं लागेल म्हणून आंबाच न खाणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर लोकांनी कॉम्प्युटरवर आपली पसंती भरावी. मधी मानूस नको." मला हे काम मिळालं तेव्हा मी बायकोला सांगितलं, की आता दोन तालुक्यांतला वशिला मी बंद करणार.

पद्धत साधी होती. प्रत्येक शिक्षकाला सेवाज्येष्ठतेच्या यादीतला आपला नंबर आणि एक पासवर्ड. आठवडाभर आत जाऊन हव्या त्या तीन शाळा भरायच्या. शेवटच्या दोन दिवसांत, शुक्रवारी किंवा शनिवारी, पुन्हा आत जाऊन 'मान्य' असं बटण दाबायचं. ही सहीच्या ऐवजीची सोय. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ज्यांनी 'मान्य' दाबलं नाही त्यांना बदली नको असं समजायचं. पाच वाजता साइट आपली आपण बंद होईल, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं.

पासवर्ड काय ठेवायचे यावर शिक्षकांच्या सभेत अर्धा तास गेला. शेवटी संस्थेचे हेडक्लार्क वेखंडे भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, "ज्याची जी शाळा, त्या गावाचं नाव. इंग्रजीतून. म्हंजे इसरायला नको आन् मला फोन नको." पुढे ज्याला हवा त्याने आपला आपण बदलून घ्यावा, तशी सोय मी केलीच होती. एका शाळेत नऊ शिक्षक असतील तर नऊ जणांचा पासवर्ड एकच होणार, हे मला तिथेच कळलं होतं. पण मला यादी टाइप करायला सोपं जाणार होतं, म्हणून मी मान डोलावली. कोणीतरी विचारलं, "आमचा पासवर्ड ऑफिसला दिसनार का?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "ऑफिसला सोडा, मलासुद्धा दिसत नाही!"

हे धादांत खोटं होतं. सगळे पासवर्ड एका साध्या मजकुराच्या फाइलीत होते. वहीच्या पानासारखी फाइल. दर ओळीवर एक शिक्षक, आधी नंबर, मग दोन टिंबं, मग पासवर्ड, उघडावाघडा. खरं तर पासवर्ड दळून ठेवायचे असतात. पिठावरून दाणा ओळखता येत नाही, पण तोच दाणा पुन्हा दळला तर तेच पीठ पडतं, त्यावरून तपासायचं. हे पुस्तकाच्या न वाचलेल्या निम्म्या भागात होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. अशा फाइलीत मधलीच एक ओळ खोडून तिथे नवा शब्द लिहिता येत नाही. शब्द लांबीला कमी-जास्त झाला की पुढचं सगळं बिघडतं. म्हणून सगळी फाइल वाचून घ्यायची, मनात दुरुस्त करायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने लिहून काढायची. ती दुरुस्ती करण्याचे दोन मार्ग. पुस्तकातला मार्ग असा, की एकेक ओळ घ्या, दोन टिंबांपाशी तोडा, नंबर ज्याने बदल मागितलाय त्याचाच आहे का बघा, असेल तर तेवढीच ओळ बदला. पंधरा-सोळा ओळींचा प्रोग्राम. दुसरा मार्ग माझा. सगळ्या फाइलीत जुना पासवर्ड शोध आणि त्याच्या जागी नवा घाल. चार ओळींत काम. मी तो तीन नावांवर तपासला होता, माझं, बायकोचं आणि मेहुण्याचं. तिघांचे पासवर्ड तीन वेगळे. बिनचूक चाललं. पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा आपण हुशार आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं.

सुरेखा गायकवाड बाई पहिल्या सोमवारीच माझ्या क्लासवर पसंती भरायला आल्या होत्या. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला संस्थेची एक शाळा होती, तिथे त्या पाच वर्षं होत्या. गावाचं नाव सोयीसाठी सागपाडा धरू. घर आसनगावला. नवरा रोज मुंबईला नोकरीला जाणारा, सकाळी सहाला बाहेर पडून रात्री नऊला घरी. चार वर्षांची मुलगी आसनगावलाच नणंदेकडे ठेवलेली, आणि बाई शनिवारी दुपारी येऊन सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मी शाळांची यादी पुढे ठेवली तर त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. आसनगावपासून सायकलने जाता येईल अशी एकच शाळा होती, तिथे एक जागा रिकामी होणार होती.

"हीच भरा सर. दुसरी, तिसरी काय पण टाका."

"एवढी खात्री आहे?"

"ही जागा मागनाऱ्यांत सेवेत मी सगळ्यांत वर हाय. आन् जूनपासनं पोरगी बालवाडीत जानार. तिला सोडायला आत्या नाय, मी पायजे." मग जरा हसून म्हणाल्या, "परवा मला बोलली, 'तू पावनी हायस का?'"

शुक्रवारी त्यांच्याच शाळेतल्या पवार गुरुजींनी मुरबाडच्या इंटरनेटच्या दुकानातून आधी 'मान्य' दाबलं, आणि मग, पासवर्ड अधूनमधून बदलावा असं पेपरात वाचलं होतं म्हणून, तो बदलला. सागपाडा काढून त्यांनी आपल्या बैलाचं नाव टाकलं, सर्जा. माझ्या चार ओळींनी हुकूम पाळला. सगळ्या फाइलीत जिथे जिथे सागपाडा होतं तिथे तिथे सर्जा घातलं. नऊच्या नऊ ओळींत. बाकीच्यांपैकी पाच जणांना बदली नकोच होती, दोघांनी 'मान्य' आधीच दाबलं होतं. उरल्या एकट्या बाई.

शनिवारी सकाळची शाळा करून, मुरबाडला गाडी बदलून, बाई तीनच्या सुमारास क्लासवर आल्या. डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला. नंबर टाकला, पासवर्ड टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मी उठून स्वतः टाकला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. तेच.

"बाई, तुम्ही बदलला होता का?"

"नाय ओ."

"नीट आठवा."

"गावाचं नाव हाय सर. पाच वर्सं रोज फळ्यावर लिवते. त्यात आठवायचं काय?"

दुसऱ्या कॉम्प्युटरवर संस्थेचेच दोन शिक्षक बसलेले होते, ते माना वळवून बघायला लागले. मग बाई म्हणाल्या, "तुमी आतून बघा ना. तुमीच बनवलंय ना हे?"

आतून बघणं म्हणजे सर्व्हरवरची ती फाइल उघडणं. पाच मिनिटांचं काम होतं. पण ती उघडली असती तर दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या मास्तरांचे पासवर्ड त्या दोघांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर आले असते, आणि मी भर सभेत मारलेली बढाई उघडी पडली असती. मी म्हणालो, "आतून मलाही दिसत नाही, बाई. मशीन आहे ते. मशीन चुकत नाही."

भाऊसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बाईंनी बदलून ठेवला आसंल आन् इसरल्या आसतील. मी काय करू? येकाला सोडलं का पन्नास येतील." मी फोन ठेवला. बाई बाकावर बसून राहिल्या. मधूनमधून उठून पुन्हा टाकून बघायच्या. कधी पहिलं अक्षर मोठं करून, कधी नवऱ्याचं नाव, कधी मुलीचं, न जाणो आपणच कधी बदलला असेल म्हणून. पाच वाजले. साइट ठरल्याप्रमाणे आपली आपण बंद झाली. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या टमटमने आसनगावला गेल्या.

सगळे गेल्यावर मी फाइल उघडली. सागपाड्याच्या शाळेच्या नऊ ओळी एकाखाली एक होत्या आणि नवांच्या पुढे सर्जा, सर्जा, सर्जा. काय झालं ते कळायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आसनगाव शहापूरपासून हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे स्कूटर होती, तिच्यात पेट्रोल होतं. तात्यांचं घर तर वाटेवर. "तात्या, माझी चूक झाली, बाईंचं 'मान्य' धरा," एवढं वाक्य बोलायचं होतं. तात्या मला दोन शिव्या देऊन बाईंचं काम करणारे होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी पुस्तक काढलं. पुस्तकातल्या मार्गाने सोळा ओळी लिहिल्या, तपासल्या, सर्व्हरवर चढवल्या. पवार गुरुजींचा सर्जा राहू दिला आणि बाकीच्या आठ ओळींत हाताने पुन्हा सागपाडा लिहिलं. पाऊण तासात सगळं साफ. काम नीट झाल्याचं समाधानही वाटलं, हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं. मनाशी म्हणालो, सोमवारी बघू.

सोमवारी बाईंनी लेखी तक्रार दिली. तात्यांच्या ऑफिसात तात्या, भाऊसाहेब, बाई आणि मी. संस्थेच्या सगळ्या शाळांत कॉम्प्युटरच्या खोल्या करायचं त्याच महिन्यात ठरत होतं आणि ते काम मला मिळणार असं तात्या सुचवत होते. तात्यांनी सरळ विचारलं, "मास्तर, मशीनमधी दोष हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी ऑफिसातला कॉम्प्युटर बाईंकडे वळवला. साइट मी सकाळीच तपासणीसाठी उघडून ठेवली होती. "टाका बाई आता. आमच्यासमोर टाका."

बाईंनी टाकला, सागपाडा. आणि दार उघडलं.

भाऊसाहेब हसले. वाईट हेतूने हसले असं नाही, मोठी माणसं लहान मुलाला हसतात तसे. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "सर, शनवारी तुमी पन टाकला व्हता ना? तुमच्या हातानं?"

त्या खोलीत खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि बाई माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघत होत्या. मी म्हणालो, "कॅप्स लॉक चालू राहिलं असेल. माझ्याही लक्षात आलं नसेल."

कॅप्स लॉक म्हणजे सगळी अक्षरं मोठी करणारं बटण, हे बाईंना माहीत नव्हतं, तात्यांना नव्हतं, भाऊसाहेबांना तर नव्हतंच. समोरच्याला न कळणारा शब्द टाकला की तो गप्प होतो, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात घाणेरडं ज्ञान. डॉक्टर, वकील, गवंडी, मोटर मेकॅनिक सगळ्यांना ते असतं. मी ते एका बाईची एकुलती एक गोष्ट हिरावून घ्यायला वापरलं.

"घर, पोर, शाळा... व्हतं आसं बायकांचं," भाऊसाहेब म्हणाले, आणि मी मान हलवली. शब्द त्यांचे होते, मान माझी होती. मग क्लासच्या लेटरहेडवर मी लिहून दिलं, की सिस्टीममध्ये कोणताही दोष आढळला नाही. ते पत्र तक्रारीला जोडलं गेलं. बाई जाताना हळूच म्हणाल्या, "मंग माझ्याच हातनं काय तरी झालं आसंल."

ती जागा यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. बाईंना बदली मिळायला आणखी तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत शनिवारी दुपारची मुरबाडची गाडी स्टँडवर लागली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. नेहमी जमायचं नाही. मे महिन्यात एकदा त्या पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उतरताना दिसल्या, द्रोण सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरलेला. एकदा मुलीला आणि नणंदेला घेऊन आल्या होत्या, आणि मुलगी त्यांचा हात सोडून सारखी आत्याचा हात धरत होती. शाळांमधल्या कॉम्प्युटरच्या खोल्यांचं काम मला मिळालं होतं. त्या खोल्या मी चांगल्या केल्या. प्रत्येक शाळेत पासवर्ड नीट दळून ठेवले आणि एकाचा दुसऱ्याला लागणार नाही याची काळजी घेतली. लोक म्हणायचे, भेरे सरांचं काम चोख. ते ऐकलं की मला कुठे बघावं कळत नसे.

पुढे क्लास बंद पडला, कारण कॉम्प्युटर सगळ्यांच्या खिशात आला. आता त्याच गाळ्यात मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. दाखले, परीक्षा, शिष्यवृत्त्या. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी सुरेखा बाई आत आल्या. केस पांढरे, चष्मा. शिक्षकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाची नोंदणी करायची होती. मी माहिती भरत गेलो. नवा पासवर्ड ठरवा, अशी चौकट आली तेव्हा मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी हात मागे घेतला.

"तुमीच टाका सर. आन् या वहीत लिवून द्या. माझ्या ध्यानात नाय ऱ्हात."

"काही अवघड नाही, बाई."

"तुमाला तर म्हायत्येय." त्या हसल्या. "त्या येळी एक शब्द ध्यानात ठेवता आला नाय मला. तवापासनं मी या मशिनीला हातच नाय लावत. हेडमास्तरीन व्हायची पाळी आली व्हती, मी लिवून दिलं, नको. आता सगळं ऑनलाइनच आसतंय ना. एवढ्या पोरांचं, आन् मी इसरले तर?"

मी त्यांच्या वहीकडे बघितलं. पहिल्या पानापासून पासवर्ड लिहिलेले होते, बँकेचा, शाळेचा, विजेच्या बिलाचा, प्रत्येक वेगळ्या हस्ताक्षरात. एकही त्यांच्या अक्षरात नव्हता. वीस वर्षं या बाई स्वतःचा प्रत्येक पासवर्ड दुसऱ्याच्या हाताने टाकत आल्या होत्या. तीन वर्षं गेली एवढाच हिशेब मी आजवर धरला होता.

मी दार लोटलं आणि सांगितलं. चार ओळी, सर्जा, शनिवारची संध्याकाळ, पाऊण तास, कॅप्स लॉक. धंद्यातला एकही शब्द न वापरता, वहीवर नऊ रेघा काढून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाच मध्ये विचारलं, "म्हंजे सोमवारी उघडलं ते तुमी उघडं करून ठिवलं व्हतं म्हनून?"

"हो."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"घरी यांनी मला लय बोल लावला व्हता," त्या म्हणाल्या. "त्याचं काय नाय. पन पोरगी मोठी झाली आन् विचारायला लागली, 'मला आत्याकडं का ठिवलेलं?' तिला मी सांगत आले, तुजी आई इसरभोळी, तिला एक शब्द आठवला नाय, म्हनून. हसत सांगायची, म्हंजे तिला लागू नये. मला नका सांगू सर. प्रज्ञाला सांगा."

त्यांनी पर्समधून फोन काढला. मुलगी कल्याणला एका दवाखान्यात नर्स आहे. नंबर लावून, "एक सर बोलनार हायत, ऐक जरा," एवढंच बोलून फोन माझ्या हातात दिला. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. मी संपवल्यावर तिने एकच विचारलं.

"तुम्ही त्याच दिवशी आत बघितलं असतं, तर किती वेळ लागला असता?"

तेव्हाचं इंटरनेट, नियम, भाऊसाहेब, असं बरंच काही तोंडाशी आलं.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

"बरं. आईला द्या."

मी फोन दिला. बाईंनी तो कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. "नाय गो, रडत नाय मी," असं म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऐकलंस ना? मी इसरले नव्हते." आणि पलीकडून ती काहीतरी बोलत असतानाच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाल्या, "इसरले नव्हते मी, प्रज्ञा."